पुढच्या अ‍ॅक्सलची ओळखपरेड

मागच्या अंकात मी जुन्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलवर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी पुढच्या अ‍ॅक्सलची! तीस वर्षं फोर्जिंगच्या तपासणी विभागात काढल्यामुळे घडीव लोखंड समोर आलं की मी जरा लांबण लावते. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. फोर्डची मॉडेल टी घेतली आहे. विकणाऱ्याने १९१४ची टूरिंग म्हणून दिली. पुढच्या अ‍ॅक्सलचं सामान सुटं, एका खोक्यात आलं : दोन बीम (अ‍ॅक्सलच्या आडव्या तुळया), तीन स्पिंडल (ज्यांच्या दांडीवर पुढची चाकं फिरतात ते तुकडे), दोन विशबोन (बीमला मागे इंजिनाखाली बांधणाऱ्या बेचकीसारख्या दांड्या). एक बीम दुसऱ्यापेक्षा साधारण चार इंच लांब आहे. एका विशबोनची टोकं बीमच्या वर बसतात, दुसऱ्याची खाली. स्पिंडलपैकी दोन एकसारखे आहेत, तिसऱ्याची दांडी मध्यावर नसून वर सरकलेली आहे. पुढची चाकं ३० बाय ३ इंचांची आहेत. ओळखीतला वेल्डर म्हणतो, लांब बीम मधून चार इंच कापून जोडून देतो. यातलं माझ्या गाडीचं नेमकं काय?

उत्तर : आधी त्या वेल्डरला हात जोडून परत पाठवा. बीम कापायचा नाही, जोडायचा नाही, त्याला वेल्डिंगचा ठिपकासुद्धा लावायचा नाही. हा व्हॅनेडियम पोलादाचा घडीव तुकडा आहे. घडताना पोलादाचे तंतू बीमच्या लांबीने वळत जातात आणि त्यानंतर त्याला उष्णतेची प्रक्रिया देतात. मध्ये सांधा घातला की तंतू तुटले आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंची प्रक्रिया उतरली. तो सांधा तुमच्या अंगणात टिकेल, रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात टिकेलच असं नाही.

आता ओळख. मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं बनत होती, दीड कोटींच्या वर गाड्या निघाल्या. सुट्या भागांत बदल होत गेले ते एखादी तारीख धरून नव्हे. जुना साठा संपला की नवा भाग लागायचा. शिवाय या गाड्या राबायच्या. मोडलं की जे मिळेल ते बसवून पुढे चालायचं. म्हणून ‘गाडी १९१४ची, म्हणजे अ‍ॅक्सल १९१४चा’ हे गणित कधी धरू नका. इंजिनाचा क्रमांक तर फक्त इंजिनाचं वय सांगतो, आणि इंजिनं बदलली जायची. अ‍ॅक्सलचा प्रत्येक तुकडा सुटा ओळखावा लागतो.

बीमपासून सुरू करा. टोकापासून टोकापर्यंत मोजू नका. किंगपिन म्हणजे स्पिंडल ज्या उभ्या खिळीवर वळतो ती; एका किंगपिनच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन बीमच्या मापांत खरोखर चार इंचांचा फरक आला, तर लांब बीम हा ६० इंची ट्रॅकच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या, गाडीचा आहे. टीचा नेहमीचा ट्रॅक ५६ इंच. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बैलगाड्या-घोडागाड्यांच्या चाकोऱ्या जास्त रुंद होत्या, आणि चाकोरीत चाकं नीट बसावीत म्हणून फोर्ड त्या भागासाठी ६० इंची गाडी द्यायचा. १९१६च्या सुमारास हा प्रकार बंद झाला. म्हणजे तुमचा वेल्डर ज्याचे दोन तुकडे करायला निघालाय, ती दुर्मीळ वस्तू आहे!

तो तुमच्या गाडीचा आहे की नाही, हे मागचा अ‍ॅक्सल सांगेल. मागच्या चाकांचा ट्रॅक मोजा. तो ५६ आला तर आखूड बीम तुमचा. लांब बीमला तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवा. कुणीतरी तो वर्षानुवर्षं शोधत असेल.

विशबोन. बीमच्या वर बसतो तो जुना, खाली बसतो तो नवा, आणि बदल १९१९चा. वर बसणाऱ्या विशबोनची अडचण अशी, की पुढचं चाक जोरात आदळलं की बीम आपल्याभोवती पिळून मागे वळायला बघतो, आणि त्याला अडवणारी दांडी चुकीच्या बाजूला असते. म्हणून जुन्या गाड्यांसाठी खालून आधार देणाऱ्या जादा दांड्या बाजारात आल्या होत्या. १९१४च्या गाडीला ‘बरोबर’ कोणता, तर वरचा. पण माझ्या स्वतःच्या १९१७च्या गाडीला मी खालचाच ठेवलाय. ती मी चालवते. मूळचा विशबोन चिठ्ठी बांधून भिंतीला टांगलेला आहे, पुढच्या मालकाला लागला तर मिळेल. तुम्हाला गाडी स्पर्धेत उभी करायची असेल तर वरचा लावा. त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त विशबोन ज्या पर्चबरोबर (बीमवरचा स्प्रिंगचा आधार) आला त्याच पर्चबरोबर बसवा. जोडी फोडून, भोक कानसून, वॉशर भरून बसवलेला विशबोन मी दोनदा पाहिलाय, आणि दोन्ही वेळा गाडीखाली झोपूनच मालकाला घाम फुटेपर्यंत बोलले आहे.

विशबोनचं मागचं टोक म्हणजे गोळा. तो इंजिनाच्या तेलाच्या कढईखालच्या वाटीत बसतो. वाटीचं झाकण दोन स्टडवर, स्प्रिंगांच्या दाबाखाली असतं आणि नट तारेने बांधलेले असतात. ही तार नसली तर गाडी जागची हलवू नका. झाकण सुटलं की गोळा खाली येतो, अ‍ॅक्सल मागे दुमडतो, आणि मग स्टीअरिंग हातात धरून काही उपयोग नसतो.

आता स्पिंडल, म्हणजे काही जण ज्याला स्टब अ‍ॅक्सल म्हणतात तो. ज्याची दांडी वर सरकली आहे तो १९२६-२७च्या गाडीचा. ऑगस्ट १९२५मध्ये आलेल्या त्या मॉडेलची चासी खाली आणली, आणि त्यासाठी पुढे दांडीच सुमारे एक इंच वर घेतली. चाक वर गेलं की गाडी खाली बसते. तो एका बाजूला लावलात तर गाडी एका खांद्याने झुकलेली दिसेल आणि तुम्ही महिनाभर स्प्रिंगला दोष देत बसाल.

राहिले ‘एकसारखे’ दोन. इथे मला शंका आहे. एकसारखे म्हणजे अगदीच एकसारखे असतील तर ती जोडी नव्हे! टीच्या डाव्या स्पिंडलला उलटे, म्हणजे डावे आटे असतात, उजव्याला सरळ. दोन्ही उभे धरून आटे बघा. एकावर आटे उजवीकडे चढत असतील आणि दुसऱ्यावर डावीकडे, तर जोडी जमली. दोन्हीवर एकाच बाजूला चढत असतील, तर तुमच्याकडे एका बाजूचे दोन स्पिंडल आहेत आणि दुसरी बाजू शोधायची आहे.

चाकांबद्दल. पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन ही रिम न निघणाऱ्या चाकांची मापं, आणि १९१४च्या गाडीला ती शोभतात. अशा हबमध्ये छर्ऱ्यांचं कप-कोन बेअरिंग असतं : बाहेरची वाटी म्हणजे कप, आतला शंकू म्हणजे कोन. टिमकेनचं निमुळत्या रोलरचं बेअरिंग १९१९मध्ये आधी बंद टपाच्या गाड्यांना आलं, रिम निघणाऱ्या चाकांबरोबर. तुमच्या हबमध्ये रोलर सापडले तर हब नंतरचा आहे. हब, कप आणि कोन हा एक संसार समजा. एकाचा कप आणि दुसऱ्याचा कोन असं लग्न लावू नका.

आता माझा आवडता भाग. मूळ तुकडा आणि नंतर कुणी बनवलेली नक्कल यांत फरक कसा करायचा? तारेचा ब्रश मारायच्या आधी, वाळू मारायच्या तर फार आधी, रॉकेलने पुसून उन्हात बघा. घडीव तुकड्याच्या कडेने एक रुंद पट्टा जातो. दोन डायच्या (घडाईच्या साच्यांच्या) फटीतून बाहेर आलेलं जादा लोखंड छाटल्याची ती खूण. पट्टा पाव इंच रुंद, जरा खरबरीत, कधी दगडाने घासलेला. ओतीव तुकड्यावर त्याच जागी केसासारखी बारीक, उंचावलेली रेघ असते आणि बाकी अंगावर वाळूचे टिपके दिसतात. रेघ बारीक असेल तर स्पिंडल म्हणून तो तुकडा माझ्या गाडीला लागणार नाही, त्यावर फोर्डची वळणदार सही उमटवलेली असली तरी. सही कुणालाही उमटवता येते. छाटलेला पट्टा नकलेत सहसा नसतो, कारण त्यासाठी खरोखर घडवावं लागतं.

प्रश्न : आमच्या टीची पुढची चाकं वरून फाकलेली दिसतात. समोरून बघितलं तर गाडी फेंगडी वाटते. गॅरेजवाले म्हणतात, अ‍ॅक्सल वाकलाय, तापवून सरळ करू. करू द्यावं का?

उत्तर : नाही! फेंगडेपण जन्मजात आहे. टीच्या पुढच्या चाकांच्या वरच्या कडांमधलं अंतर खालच्या कडांपेक्षा सुमारे तीन इंचांनी जास्त ठेवलेलं असतं. लाकडी चाक बशीसारखं किंचित खोलगट असतं, आणि चाक असं कललं की भार घेणारा खालचा आरा जवळपास उभा येतो. लाकूड उभ्या भाराला दमदार, आडव्याला नाही. ‘सरळ’ केलेली टी मी एकदा पाहिली. फोटोत छान दिसत होती, आणि आरे हबच्या तोंडाशी करकरत होते.

तरी अ‍ॅक्सल खरंच वाकलाय का हे बघणं तुमच्या हातात आहे. बीम खाली उतरवा. दोन्ही किंगपिनच्या भोकांत घट्ट बसतील अशा दोन सरळ सळया घाला, वर हातभर राहतील इतक्या. एका टोकाला उकिडवं बसा आणि बीमच्या लांबीने एक डोळा मिटून बघा. जवळच्या सळईने लांबची सळई पुरी झाकली पाहिजे. लांबची थोडी पुढे किंवा मागे डोकावली तर बीमला पीळ आहे. पीळ हा वाकण्यापेक्षा वाईट, कारण तो नुसत्या नजरेला दिसत नाही आणि गाडी सतत एका बाजूला ओढते. मग समोर उभं राहून दोन्ही सळयांचा कल तपासा. दोन्हीकडे सारखा पाहिजे. शेवटी भोकांच्या मध्यांवरून दोरी ताणा. स्प्रिंगच्या पर्चची भोकं दोरीपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर येतात का, ते पाहा.

वाक निघाला तर थंडच सरळ करायचा, हायड्रॉलिक प्रेसखाली, थोडा थोडा, दर वेळी सोडून मोजत. टॉर्च लावला की उष्णतेची प्रक्रिया गेली, आणि ती परत देणारी भट्टी गॅरेजमध्ये नसते. त्या काळी हे पोलाद किती चिवट ते दाखवायला टीचे अ‍ॅक्सल थंडच पिळून, चकलीसारखे करून मांडायचे. थंड वळायला ते तयार असतं, म्हणून थंडच वळवा.

गाडीवर बसवल्यावर ओळंबा काढा. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं हवं, सुमारे साडेपाच अंश. अंश मोजायचं साधन नको : किंगपिनच्या रेषेत सळई धरली तर दहा इंच उंचीला ओळंब्यापासून साधारण एक इंच मागे. हा कल उलटा, म्हणजे पुढे गेला, तर वळणातून बाहेर येताना चाकं सरळ व्हायच्या ऐवजी आणखी वळत जातात. शेवटी पुढून चाकं किंचित आत वळलेली हवीत, तीन-सोळांश ते पाव इंच.

आणि एवढं उतरवलंच आहे तर तडा बघा. बीमपेक्षा स्पिंडलमध्ये बघा, दांडी जिथे धडाला मिळते त्या गोलाईत. महागड्या रसायनांशिवायची जुनी रीत अशी. तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, कोरडा खडखडीत पुसा, वर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्या. वाळला की लाकडी हातोड्याने टकटक करा. तडा असेल तर आतलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळपट केसाएवढी रेघ उमटते. मी नोकरीत पहिल्यांदा ही रेघ उमटताना पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. तो तुकडा आम्ही मोडून बघितला. आतला अर्धाअधिक भाग आधीच तुटून गंजलेला होता. रेघ दिसली तर तो स्पिंडल दुरुस्त करायचा नाही. त्याला करवतीने दोन ठिकाणी कापा, म्हणजे तुमच्यानंतर कुणी रंग देऊन विकणार नाही.

प्रश्न : डाव्या पुढच्या चाकाचा नट सुटता सुटत नाही. पान्याला पाइप लावून बघू का?

उत्तर : उलट फिरवा. वर लिहिलंच आहे, डाव्या बाजूला डावे आटे. गाडीच्या डावीकडे उभं राहिलात तर पुढे जाणारं चाक घड्याळाच्या उलट फिरतं. बेअरिंगच्या घर्षणाने कोनही त्याच दिशेला ओढला जातो. सरळ आटे असते तर तो सुटत गेला असता. माझ्या पहिल्या गाडीला मी पाइप लावला होता, तीन फुटी. नट सुटला, आट्यांसकट. त्या वेळी मी तपासणी विभागात बारा वर्षं काढलेली होती, हे कुणाला सांगू नका.

नट निघाल्यावर खालचा जिभेचा वॉशर खाचेतून सरळ बाहेर ओढा, मग कोन. तोही उलटाच.

प्रश्न : ताई, मी मॉडेल ए दुरुस्त करतोय, १९३०ची. विकणारा टीचा अ‍ॅक्सल देतो म्हणतो, ‘फोर्डचं सगळं एकच.’ शिवाय ए-च्या किंगपिनचे बुश (पिन ज्यांत बसते त्या नळ्या) नवे घातले, पण पिन वर सैल आणि खाली घट्ट जाते.

उत्तर : दोन्ही अ‍ॅक्सल शेजारी ठेवा, पाच सेकंदांत उत्तर मिळेल. टीच्या बीमच्या टोकाला बेचकं असतं आणि स्पिंडल त्या बेचक्यात शिरतो. किंगपिन म्हणजे एक लांब बोल्ट, तो खालच्या फांदीत आट्यांवर बसतो, आणि बुश स्पिंडलमध्ये असतात. ए-चं उलटं आहे. बेचकं स्पिंडलला, आणि बीमचं टोक म्हणजे भरीव डोळा. किंगपिन त्या डोळ्यात आडव्या खिळीने जखडलेली, फिरतो तो स्पिंडल. पहिल्या प्रकाराला इलियट म्हणतात, दुसऱ्याला रिव्हर्स इलियट. ए-ला चारही चाकांना ब्रेक आहेत, टीला पुढे ब्रेकच नाहीत. तेव्हा टीच्या अ‍ॅक्सलवर ए-चे ब्रेक टांगायचे कुठे, हे विकणाऱ्याला विचारा.

बुशचं दुखणं जुनंच. तुम्ही वरचा बुश वरून आणि खालचा खालून, वेगवेगळा रीम केलात (रीमरने आतून कापून मापाला आणलात) ना? दोन भोकं एका रेषेत आली नाहीत की पिन तिरपी जाते. मग लोक घट्ट बाजू एमरी कागदाने घासतात, पिन जाते, आणि महिन्याभरात दोन्ही सैल होतात. लांब रीमर घ्या, ज्याचा पुढचा गुळगुळीत भाग एका बुशात वाट दाखवतो आणि मागची धार दुसऱ्यात कापते. एकाच दिशेने, तेल लावून, कापत जा. मागे फिरवून काढू नका, धार बसते. किंगपिन ०.८१३ इंचांची आहे, पण नवी पिन हातात आल्यावर मायक्रोमीटरने मोजूनच शेवटचा हात द्या. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकत गेली पाहिजे, आपल्या वजनाने पडता कामा नये. बुश ठोकायच्या आधी त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकाशी जुळवा. ठोकल्यावर बुश फिरत नाही आणि तुम्ही वर्षभर भिंतीला ग्रीस मारत राहता.

एक विचारायचं राहिलं तुमच्याकडून : थ्रस्ट बेअरिंग कुठे बसवलंत? ते डोळ्याच्या खाली येतं, बीम आणि स्पिंडलची खालची फांदी यांच्या मध्ये. गाडीचं वजन बीम खाली दाबतो, ते तिथे उतरतं. वर बसवलं तर गाडी उभी राहील, चाकं वळतीलही, फक्त लोखंडावर लोखंड घासत. गाळा उरला तर शिम (पातळ चकत्या) वरच्या बाजूला भरा, डोळा आणि वरच्या फांदीच्या मध्ये. स्पिंडल हाताने हलत नसेल इतके शिम घालू नका.